भट्टीमागची दुपार

बायकोची चाहूल लागताच बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले. भट्टीमागच्या खोलीत तो पिठाच्या पोत्यांवर आडवा झाला होता. भट्टी निवत आली होती. झरोक्यातून आलेल्या उन्हात पिठाचे कण इतके संथ तरंगत होते, की दुपार जागच्या जागी थांबलीय असं वाटावं.

पहाटे कामाला लागणाऱ्या माणसाचा संसार दुपारचा. जेवण झालं की तो घरी पडदे ओढायचा आणि बायकोला जवळ घ्यायचा. केस पिकले तरी त्यात खंड नव्हता, आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण शरीरातली ती ताकद गेली. ती परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं. शिर सलामत तो पगडी पचास, मित्र म्हणाले. तोही हसला. पण कामाची सबब सांगून दुपारचं घरी जाणंच त्यानं सोडून दिलं.

"सोंग पुरे," बायको म्हणाली. "ही पोती माझी सवत झाली वाटतं."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी बोलणं सोपं होतं.

"तुला माझा आता काय उपयोग?"

 ती झोपेत बोलावं तशी हलक्या आवाजात सांगू लागली. पाळी गेल्यापासून त्यानं जवळ घेतलं की तिला फार दुखायचं. तो पडदे ओढायला उठला की ती आधीच अंग चोरून घ्यायची. त्याचं मन मोडू नये म्हणून ती ओठ दाबून पडून राहायची.

त्याला ते दाबलेले ओठ आठवले. ते तिचं सुख, असंच तो समजत आला होता. त्याचा चेहरा तापला. एकदा तरी सांगायचं होतंस, एवढंच तो पुटपुटला. तुम्ही तरी कुठं सांगितलंत, ती म्हणाली. त्यानं लाजून भिंतीकडे तोंड फिरवलं.

पोती किंचित दबली. ती त्याच्या पाठीशी आडवी होत होती.

"जरा सरका," ती म्हणाली. "आता तुमच्याजवळ झोपायची भीती वाटत नाही."