फक्त सात जणांसाठी

नवऱ्याला, ग्रँटला सोडून मी दूर ओमारू गावी पळाले आणि सोशल मीडियावरची जुनी सगळी खाती बंद केली. आता जिथे लिहिते त्या नेटवर्कवर कुठल्याच कंपनीची मालकी नाही. ज्याला हवं त्याने आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवावा, आणि आपलं कोणी वाचायचं ते आपण ठरवावं. मी सातच जणांना परवानगी दिली. लिहिलं की ते त्यांच्या-त्यांच्या सर्व्हरवर पोचायचं.

मंगळवारी लिहिलं, 'ओमारूच्या बंदरावर चीज रोल खाताना जीभ पोळली.' शुक्रवारी गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी: 'चीज रोल फुंकून खात जा. – ग्रँट.'

सातांतलंच कोणीतरी फितूर होतं. एकेकाला धारेवर धरलं, काढून टाकलं. सख्ख्या बहिणीलाही. ती रडत म्हणाली, "लिओनी, डोकं फिरलंय तुझं."

उरली ब्याऐंशी वर्षांची व्हॅल मावशी. तिच्यावर कसला संशय घ्यायचा? तरी फोन केलाच.

"मावशी, तू ग्रँटला काही बोलली नाहीस ना?"

"त्या मेल्याशी? तू गेल्यापासून एक शब्द नाही!"

"पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोणाला कशाला देऊ?"

"मग तुझं खातं आहे कुठल्या सर्व्हरवर?"

"ते मला काय कळतंय! तुमचा संसार चालू होता ना, तेव्हा ग्रँटनंच उघडून दिलं, त्याच्या गॅरेजमधल्या कॉम्प्युटरवर. म्हणाला, 'मावशी, परक्या कंपनीच्या हाती कशाला द्यायचं? घरचं घरात राहील.'"