ओल्या चामड्यासाठी रापी

"हा नको," गोजरबाईनं विळा बाजूला सारला. "वल्ल्या चामड्यावरून घसरते. मले रापी पायजे."

उकंडराव लोहारानं वर पाहिलं. साखरखेर्ड्याच्या बाजाराच्या कडेला त्याचं दुकान. चामडं कापायची रापी घ्यायला चांभार यायचे. शेतकऱ्याच्या बाईला ते हत्यार कशाला हवं?

तिनं पिशवीतून बोटभर जाड चामड्याचा तुकडा काढला, तेल पिऊन काळा पडलेला. पहिल्या रापीचं पातं दाबलं की लवत होतं. दुसरीची मूठ आखूड निघाली. तिसरी मात्र चामड्यात अशी उतरली, की उकंडरावाला आपल्याच हाताचं कौतुक वाटलं.

"हीच दे. पन मुठीले सुतळी गुंडाळ. हात वल्ला असला तं सटकू नये."

"कायनं वल्ला?"

तिनं चामड्याचा तुकडा परत पिशवीत टाकला.

"काम तरी काय हाय?"

"हाय एक. एका हिसक्यात झालं पायजे. दुसऱ्याले येळ भेटत नाई."

तिनं पदर सावरला, तेव्हा दंडावरचा काळानिळा डाग दिसला.

"कडूबानं मारलं?"

"नाई. लागलं."

नवऱ्यानं मारलेल्या सगळ्याच बाया असं म्हणतात. दिवाळीपासून कडूबा पाय मोडून बसलेला. शेत तीच पाहायची, मोटही तीच हाकायची, आणि वरून नवऱ्याच्या शिव्या खायची, असं बाजारात येणारे सांगत. लोकांच्या तोंडाला काय, लोहाराचा भाता तरी मधूनमधून विसावतो.

उकंडरावाला जुनी गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी त्यानं एकाला कुऱ्हाड करून दिली होती आणि त्यानं ती भावाच्या डोक्यात घातली. बुलढाण्याच्या कोर्टात उभं राहून उकंडरावाला सांगावं लागलं, हो, कुऱ्हाड माझ्याच हातची. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताक फुंकणारच.

नाही म्हणावं, तर ती दुसऱ्या लोहाराकडे जाईल.

"हिले पाणी कमी पडलं," तो म्हणाला. "बाजार करून ये. पक्की करून ठेवतो."

ती गेल्यावर त्यानं पातं लाल केलं आणि पाण्यात बुडवायच्या ऐवजी राखेत खुपसलं. राखेत हळूहळू निवलेलं लोखंड मऊ राहतं. धार दिसते, टिकत नाही. मग त्यानं ते दगडावर घासून लखलखीत केलं.

"आता चामड्यावर पाहू नको, धार उतरते," त्यानं देताना सांगितलं. गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता.

"पाहाचं काय त्यात? तुह्या हातची हाय, भाऊ."

तिनं रापी कमरेला खोचली. उकंडरावाला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. एक माणूस मरणातून वाचला, एक बाई फाशीतून.

पाचव्या दिवशी दुकानापुढे बैलगाडी थांबली आणि काठी टेकत कडूबा उतरला. जिवंत! उकंडरावाला इतका आनंद झाला, की त्यानं स्वतः उठून पोतं अंथरलं.

"ये बाप्पा, ये. बस."

"बसत नाई. गळ पायजे, मोठ्यातला मोठा. विहिरीतून काढाचं हाय."

"बादली पडली काय?"

"बैल आंधळा होऊन राह्यला होता," कडूबा म्हणाला. "मोटेवर मांगं सरताना झोक जाये त्याचा. दोनदा गोजरीले धडकला. पन बाजारात इकाचा होता, म्हून म्याच तिले सांगतलं, कोनापाशी बोलू नको. कमरेले रापी ठेव. इहिरीत पडलाच तं त्याच्या गळ्याचा चामड्याचा पट्टा काप, दुसरा बैल तरी वाचन."

उकंडराव पोत्याचं टोक धरून तसाच उभा राहिला.

"सकाळी पडला. तिनं पट्ट्यावर तीन हिसके मारले. म्या बांधावरून पाहून राह्यलो होतो. पट्टा तुटलाच नाई. दोन्ही बैल तिले घेऊन खाली गेले. मानसं बुड्या मारून थकली, गोजरी हाती लागत नाई."

कडूबानं डोळे पुसले.

"तुह्या रापीले बोल नाई, भाऊ. तिचाच हात कमी पडला."