सरळ रेघ

"शनिवारचं तिकीट बदलायचं नाही," गोपीनाथराव म्हणाले. "मुलीच्या घरी बापाने किती दिवस राहायचं?"

"पण अण्णा, हात थरथरत असताना कराडला एकटे कसे राहाल?" आसावरीने विचारलं. "परवा कप पडला."

"कप ओला होता."

"दवाखान्यात चला म्हटलं, तर तेही नाही."

"एका कपासाठी दवाखाना? पुराव्याशिवाय बोलू नये. वर्गात एवढं गणित शिकवलं तुला, फुकट गेलं."

आसावरी उत्तरेतल्या या शहरात, सेक्टर ३९ मधल्या संस्थेत संशोधक होती. पण पुराव्याची युक्ती सुचली ती तिच्या मुलीला.

नववीतली ओजस्विनी नुकतीच शाळेतून आली होती. ब्लेझर सोफ्यावर फेकलेला, त्याचं एक बटण लोंबतंय. विज्ञानाच्या मॅडमनी वर्गाला फोनवर एक ॲप घ्यायला लावलं होतं. फोन हलला की पडद्यावरची रेघ हलायची. ओजस्विनीने त्यावर झोका मोजला होता, सोसायटीची लिफ्टही मोजली होती.

"आजोबा, हाथ पे फोन रखो," ती म्हणाली. मराठी तिला सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची. "लाइन सीधी आई, तो आप जाओ. पक्का."

हे म्हणताना तिने आजोबांकडे बघायचं टाळलं.

"आणि वाकडी आली तर?"

"तो टिकट कैंसल."

"कबूल. पण आधी तुझा हात. यंत्र तपासल्याशिवाय प्रयोग करू नये."

ओजस्विनीने फोन तळहातावर ठेवून हात पुढे धरला. रेघ सरळ.

"आता हलव. हळू. अजून हळू." कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते पडद्याकडे बघत राहिले. बोट जरासं हललं, तरी रेघेला दात फुटत होते. "हं. चांगलं आहे यंत्र."

मग त्यांनी हात ताठ केला. ओजस्विनीने फोन ठेवला.

रेघेची करवत झाली.

"परत घे," ते खेकसले.

दुसऱ्या वेळी करवत आणखी धारदार आली. ओजस्विनीने हसू लपवायला मान खाली घातली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आता काय म्हणणं आहे, सर?" आसावरीने विचारलं.

"म्हणणं काय? पुराव्यापुढे इलाज नाही." त्यांनी कारल्याचा घास घेतल्यासारखं तोंड केलं. "पण मी आपणहून राहिलो, असं कराडात कुणाला सांगू नकोस."

आसावरीने तिथल्या तिथे तिकीट रद्द केलं आणि ती चहा ठेवायला गेली. ओजस्विनी मैत्रिणींना सांगायला खाली धावली.

गोपीनाथराव उठले. नातीचा ब्लेझर घेऊन खिडकीतल्या उन्हात बसले, शिवणाचा डबा उघडला आणि सुईच्या नेढ्यात पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.