जसंच्या तसं

टेबलावरच्या पुस्तकांतून रेनेटाने सगळ्यांत कमी मजकुराचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर एक हंस होता, गळ्यात मफलर गुंडाळलेला.

"छान आहे हे," मिसेस प्रूइट म्हणाल्या. "टेसा केवढी झाली आता?"

"सात वर्षांची."

"मग अगदी तिच्याजोगतं."

तुरुंगाच्या प्रार्थनाघरामागची ही खोली एरवी मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरत. महिन्यातल्या एका शनिवारी मिसेस प्रूइट इथे रेकॉर्डर लावून बसायच्या. कैदेतल्या आयांनी आपल्या मुलांसाठी पुस्तक वाचायचं. मग तो आवाज आणि ते पुस्तक एकाच पाकिटातून घरी जायचं. पुस्तकात नसलेलं काही बोलायचं नाही, हा तुरुंगाचा नियम. बोललं तर पाकीट दारावरच अडायचं.

रेनेटाची याआधीची पुस्तकं अडली नव्हती; दारावर आवाज नुसता ऐकत, पुस्तकाशी ताडून बघत नसत. तिने चित्रं बघून मनाने गोष्ट सांगितली होती, योग्य वेळी पानं उलटली होती. मिसेस प्रूइट पुस्तकात डोकावत नसत, मशीनकडे बघत. दोनदा त्यांनी तिचं कौतुकही केलं होतं, किती रंगवून वाचतेस म्हणून.

पण बुधवारी फोनवर रेनेटाची आई म्हणाली, "टेसा हल्ली शब्दांवर बोट ठेवून ऐकते. वाचनात मागे पडलीय ना, शाळेतल्या बाईंनीच सांगितलंय तसं. काल अर्ध्यात पुस्तक मिटून बसली."

"का?"

"म्हणाली, मम्मी वाचते ते मला इथं दिसतच नाही. मी ढ आहे, आजी."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? तुझी अब्रू झाकू की तिची समजूत घालू? म्हटलं, दमलीयस, झोप आता."

रेनेटाने पहिलं पान उघडलं. तिचा तळवा कागदाला चिकटला.

"तयार?" मिसेस प्रूइटनी विचारलं.

"मी जरा हळू वाचीन."

"लहान मुलांसाठी हळूच वाचावं."

"तसं नाही, मॅम. खूप हळू."

मिसेस प्रूइटनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग उघड्या पानाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"असं करू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी एकेक ओळ सांगते, तू माझ्यामागून म्हण. माझा आवाज मी नंतर काढून टाकते. कुणाला कळायचं नाही."

रेनेटाने नकारार्थी मान हलवली.

"तिला वाटेल, मला धडाधड येतं."

"वाटू दे की. काय बिघडलं?"

"आत्ताही तिला तेच वाटतं, मॅम. म्हणून तर ती स्वतःला ढ म्हणते."

मिसेस प्रूइटनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

रेनेटाने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. तो जमला. दुसराही जमला. तिसऱ्याशी ती थांबली, अक्षरं सुटी करून म्हणाली, जोडली, आणि घाम पुसून पुढे गेली. रंगवणं वगैरे काही नव्हतं. हंस उडाला की बसला, हे तिला ओळ संपल्यावरच कळत होतं. पहिलं पान संपायला इतका वेळ लागला की मिसेस प्रूइटनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

तिसऱ्या पानावर एक लांबलचक शब्द आला. रेनेटाने त्याची सुरुवात पकडली, शेवट पकडला, मधलं हाती लागेना. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा सुटलं. चित्रात सगळं स्पष्ट दिसत होतं. नदी होती, बर्फ होता, हंस काठावर उभा होता. काहीही म्हणता आलं असतं.

मिसेस प्रूइटचा हात बटणाकडे गेला. रेनेटाने मशीनवर आडवा तळवा धरला आणि वाकून त्याच्याजवळ तोंड नेलं.

"टेसा, हा शब्द मम्मीला येत नाहीये. तुझं बोट आहे ना त्याच्यावर? तू बघ बरं."

हे पुस्तकात नव्हतं. मिसेस प्रूइटनी बंद दाराकडे पाहिलं, मग मशीनवरच्या त्या तळव्याकडे, आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

रेनेटा थांबून राहिली. दिवा लालच होता.

रांगेतली पुढची, शेरिस, दार ढकलून आत डोकावली. "काय गं, कादंबरी घेतलीस की काय? माझा पोरगा तोवर कॉलेजात जाईल."

वर न बघता रेनेटाने ओठांवर बोट ठेवलं. दुसरं बोट अजून त्या शब्दाखालीच होतं.