कोर्ट काय म्हणतं

अर्ज फेटाळला गेला हे चिमाला कळलं ते नागूच्या तोंडाकडे बघून. मॅजिस्ट्रेट इंग्रजीत बोलून मोकळे झाले होते आणि तिचा नवरा टोपी सारखी करत, हसत कोर्टाबाहेर पडत होता.

तिचे वकील हिरामण भोईर तिला समोरच्या आपल्या खोलीत घेऊन आले. पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं हात लावला नाही.

"पोटगी नाय?"

"नाही, चिमाबाई. पहिली बायको जिवंत असताना नागूनं तुमच्याशी लग्न केलं. सुप्रीम कोर्टानं यंदाच निकाल दिलाय. असलं लग्न कायद्यानं लग्नच नव्हे. मग बायको म्हणून पोटगी कशी मिळणार?"

"गौराबाईनंच माजी वटी भरली. तिला पोर नव्हतं म्हनून. सगळं पोशीर गाव जेवलं मांडवात."

"मी सांगितलं ते साहेबांना."

"मंग?"

हिरामणनं पुढ्यातली फाईल मिटली.

"वर जाता येतं म्हनत्यात."

"येतं. पण निकाल सगळ्यात वरच्यांनीच दिलाय. त्यांच्यावर कोर्ट नाही."

बाहेर जामिनासाठी आलेल्यांची बाचाबाची चालली होती. चिमा जमिनीकडे बघत बसली. मग म्हणाली, "नागू गावात पेपर वाचून दाखवीत होता. बोलला, तुज्याच वकिलानं लिवलंय. खरं?"

हिरामणचा बाप समन्स आलं की ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर तिष्ठत बसायचा. आपल्या माणसांवर ती वेळ येऊ नये म्हणून हिरामण दर आठवड्याला कर्जतच्या साप्ताहिकात 'कोर्ट काय म्हणतं' हे सदर लिहायचा. नवे निकाल, सोप्या मराठीत. हा निकाल वाचला तेव्हा त्याला आधी चिमाच आठवली होती. दोन दिवस त्यानं पेन उचललं नाही. मग लोकांपासून कायदा लपवणारे आपण कोण, असं मनाशी म्हणून लिहून टाकलं. पुढच्या तारखेला नागूचा वकील निकालाची प्रत घेऊनच उभा राहिला.

"खरं," तो म्हणाला. "हा बायकांवर अन्याय आहे, हेही शेवटी लिहिलंय मी."

"तितवर नाय वाचलं त्येनं."

"मी लिहिलं नसतं तरी कायदा तोच होता, चिमाबाई."

"आसंल. पन नागूला म्हाईत नव्हता. त्येच्या वकिलाला बी नव्हता."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं.

तो घाईघाईनं म्हणाला, "कोंडीला मिळेल. मुलीचा हक्क कुठं जात नाही. तिचा अर्ज आजच लिहितो."

चिमानं पहिल्यांदा मान वर केली. "पोरीला मिळंल?"

"मिळेल."

"आनि माजं लगीन झालंच नाय, तर तिला काय म्हनून लिवाल त्यात?"

शब्द त्याला ठाऊक होता. कायद्याच्या पुस्तकात तो छापलेलाच होता. टेबलावरचे कागद त्यानं उगाच एकावर एक रचले.

न ऐकताच चिमाला तो शब्द कळला. ती उठली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि दाराशी थांबली.

"लिवा," ती म्हणाली. "पोरीला खायला लागंल. पन दादा, तेवढं पेपरात नका टाकू. कोंडीला वाचाया येतं."