एक छटा फिकट

स्पिरिटचा बोळा मणक्याच्या गोळ्यावरून फिरला आणि तपकिरी होऊन वर आला. तिनं दुसरा बोळा घेतला. तोही तपकिरी झाला. दगड झालेल्या हाडाचा रंग असा सुटत नाही. मग तिनं दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला बारीक आकडा घेऊन गोळ्याची कड टोकरली, तर पांढरी भुकटी पडली. प्लास्टर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडील खिडकीपाशी स्टुलावर बसून चहा पीत होते. संग्रहालयातून निवृत्त झाल्यावरही ते या कार्यशाळेत रोज यायचे, हाडांवरून हात फिरवायचे आणि तिच्या कामात नाक खुपसायचे. तिनं ते चालवून घेतलं होतं. टेबल त्यांचं, हत्यारं त्यांची आणि टेबलावरचा हा पिठाच्या डब्याएवढा मणकाही त्यांनीच खणून आणलेला. देवमाशाच्या मणक्याची दोन्ही तोंडं सपाट असतात. याचं एक तोंड झिजून गेलेलं आणि दुसऱ्यावर हा फुगीर गोळा, काही डायनासोरांच्या शेपटीच्या मणक्यांना असतो तसा. त्या गोळ्याच्या जोरावर वडिलांनी मणका डायनासोरचा ठरवला होता आणि तिनं अख्खा प्रबंध लिहिला होता.

देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई तेवढ्या म्हणत राहिल्या, की मला हा देवमासाच वाटतो. गेल्या परिषदेत तिनं त्यांना मंचावरून विचारलं होतं, "बाई, तुम्हाला एवढा मोठा गोळा दिसत नाही का?" सगळं सभागृह हसलं होतं. त्याच बाई उद्या मणका हातात घेऊन बघायला येणार होत्या. म्हणून तर आजची ही साफसफाई.

"सर," ती म्हणाली. कार्यशाळेत बाबा म्हणायचं नाही, हा त्यांचाच नियम. "हा गोळा प्लास्टरचा आहे."

वडिलांनी कप खाली ठेवला नाही. "थोडी भर घातली होती."

"थोडी?"

"तुटून गेला असणार तो. मी होता तसा करून बसवला."

"तुम्ही बघितला होता?"

"बघायला कशाला लागतं? इतकी हाडं हाताखालून गेली माझ्या."

"आणि रंग?"

वडिलांनी कप खाली ठेवला. भर घालायची ती हाडापेक्षा एक छटा फिकट, हा धडा त्यांनी तिच्याकडून घोटून घेतला होता. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, हाड कुठं संपलं आणि आपण कुठं सुरू झालो. एकदा तिनं एका जबड्याला हुबेहूब रंग दिला, तर त्यांनी सगळ्यांदेखत तिला तो खरवडायला लावला होता. त्या दिवसापासून या खोलीत फिकट म्हणजे आपलं आणि गडद म्हणजे हाड. गोळा गडद होता. तिनं तो मोजला, त्याची चित्रं काढली, पण टोकरायचा आकडा त्यावर कधी टेकवला नाही. टेकवायचं सुचलंच नाही. आणि काम तरी किती सुरेख केलेलं. सांधा शोधून सापडत नव्हता. तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"आधी फिकटच ठेवला होता," वडील म्हणाले. "येणारा जाणारा विचारायचा, हे पांढरं काय आहे? ऐकून ऐकून वीट आला. मग टाकला रंगवून."

"मी प्रबंध लिहीत होते तेव्हा तरी सांगायचं."

"तू इतकी खुशीत होतीस."

तिनं छिन्नी उचलली.

"ठेव ती," वडील उठले. "उद्या त्या बाई यायच्यात. मी रंगाचा हात मारून देतो, संध्याकाळपर्यंत वाळेल. वेड्यासारखं करू नकोस. बाप आहे मी तुझा. तुझं वाईट करीन का?"

"इथं नाही. इथं तुम्ही सर आहात."

तिनं टोकरलेल्या कडेला छिन्नी टेकवली आणि हातोडीचे घाव घातले, जरुरीपेक्षा जास्तच जोरात. गोळा सरसानं चिकटवलेला होता. तो एकसंध सुटला आणि टेबलावर पातेल्यासारखा उपडा पडला.

खाली तोंड सपाट होतं. मधून कडेकडे बारीक रेघा गेलेल्या, जणू काल कोरल्या असाव्यात इतक्या स्वच्छ. त्या कशाच्या, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. देवमाशाच्या मणक्याला तोंडाशी हाडाची एक चकती असते. जनावर पुरतं वाढलं की ती मणक्याला जुळते. जुळायच्या आधीच ते मेलं, तर चकती गळून जाते आणि मागं अशा रेघा राहतात.

"पिल्लू होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. "वाढायचं होतं अजून. काय कमी होतं त्याच्यात?"

वडील वाकून बघत राहिले. सवयीनं त्यांचं बोट रेघांकडं गेलं. तिनं ते हाडाला लागू दिलं नाही. गोळा उचलून तिनं त्यांच्या दोन्ही हातांत ठेवला.

"हा तुमचा. घरी घेऊन जा."

मग तिनं त्यांच्यासमोरच फोन लावला.

"बाई, मी बोलतेय. उद्या तुम्ही याच. पण त्याआधी एक सांगायचंय. गोळा नाहीये. नव्हताच."

वडील गोळा धरून उभे होते. तो खाली ठेवायला त्यांनी टेबलाकडं पाहिलं, मग कपाटांकडं, मग खिडकीच्या कठड्याकडं. सगळीकडं हाडं होती.