ढब्बूला चालू देऊ नका

ढब्बूने खुर्चीचा पाय सोडला, दोन्ही हात हवेत धरले आणि घरात एकच धावपळ उडाली. आजी हातातलं पातेलं आपटून बाहेर आली. आई ओल्या केसांनिशी न्हाणीघरातून धावली. पण दोघींच्या आधी आजोबांचा आवाज पोचला.

"बस."

ढब्बू बदकन बसला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि बक्षीस म्हणून चष्म्याचं रिकामं घर त्याच्या हातात दिलं. तो ते मन लावून चावू लागला.

अकरा महिन्यांचं पोर चालावं म्हणून इतर घरांत माणसं जिवाचं रान करतात. या घरात ते चालू नये म्हणून चाललं होतं. ढब्बूचा बाप फौजेत होता आणि त्याची तुकडी वर्षभर समुद्रापलीकडच्या एका तळावर होती. पोराचा जन्म, पहिला दात, पहिलं रांगणं, सगळं त्याला फोनवर शिळं होऊन मिळालं होतं. गेल्या रविवारी तो हसत म्हणाला होता, की निदान पहिलं पाऊल तरी माझ्यासमोर पडू दे, तोवर पठ्ठ्याला चालू देऊ नका. पुढच्या रविवारच्या फोननंतर तुकडी आणखी पुढच्या चौकीवर जाणार होती आणि तिथे तीन महिने फोन नव्हता.

लेकाने थट्टा केली होती. आजोबांनी हुकूम मानला. स्वतः बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला हुकुमातली थट्टा कधी कळलीच नव्हती.

आठवडाभर पहारा बसला. सकाळी आजी, संध्याकाळी पोस्टातली नोकरी आटपून आलेली आई, आणि मधला सगळा वेळ आजोबा. ढब्बू उभा राहिला की "बस", बसला की टाळ्या आणि चष्म्याचं घर. पोराचे पाय आखडतील हो बाबा, असं सून एकदा वैतागून म्हणालीसुद्धा. रविवारपर्यंत, एवढंच ते बोलले. आजी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि मग आत गेली.

रविवारी अकराला लेकाचा व्हिडिओ कॉल आला. पंधरा मिनिटं मिळायची, कारण तिकडे फोनच्या खोलीत बापाच्या मागे बाकीच्यांची रांग असे. सतरंजी गुंडाळून ठेवली होती, ढब्बूला नवा सदरा चढवला होता. त्याला खुर्चीपाशी उभं करून आई फोन घेऊन चार पावलांवर बसली आणि त्याला बोलावू लागली.

ढब्बूने खुर्ची सोडली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं. आणि बदकन बसला. वर स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि चष्म्याच्या घरासाठी हात पुढे केला.

पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. सहा वेळा हेच झालं. दहा मिनिटं अशीच गेली. आजीने खुळखुळा वाजवून पाहिला, आईने गाणं म्हणून पाहिलं. ढब्बू शिकवलेलं विसरायला तयार नव्हता.

"बाबा," सून शेवटी हळूच म्हणाली, "तो तुम्हाला बघून बसतोय."

आजोबांचा चेहरा उतरला. फोनमधून लेक म्हणाला, की राहू द्या बाबा, मी आलो की बघेन, तेव्हा काय तो पळतच असेल. पण त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं, आणि ते सगळ्यांनाच कळलं.

आजोबा स्वयंपाकघराकडे वळले. नातवाला चालताना बघायची या घरात त्यांच्याइतकी ओढ कुणालाच नव्हती. आजी म्हणाली, "अहो, तुम्ही परत..." पण त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

ते ओट्याला हात टेकून उभे राहिले. बाहेर आधी काहीच ऐकू येईना. मग सुनेचा "ये, ये रे राजा" असा दबका आवाज आला. आणि मग एकदम गलका उठला. आजी रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. फोनमधून लेक ओरडत होता, "चालला! आई, चालला तो!" त्याच्यामागे रांगेतले वीसेक फौजी आपल्याच घरी पोर चालल्यासारखे आरडाओरडा करत होते. आजोबा एकटेच ओट्यापाशी हसले. छाती भरून आली होती आणि बघायला मिळालं नाही म्हणून दुखतही होती.

तेवढ्यात दाराच्या तळाशी काहीतरी आपटलं. मग पुन्हा. कुणीतरी तळहाताने दार ठोकत होतं, गुडघ्याच्या उंचीवर.

त्यांनी दार हळूच आत ओढलं. उंबऱ्यापलीकडे ढब्बू कशालाही न धरता उभा होता. डुलत होता, पण उभा होता. त्याने चष्म्याच्या घरासाठी हात पुढे केला. आजोबांच्या तोंडून "बस" निघालं नाही. ते स्वतःच खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. ढब्बूने उंबरा धडपडत ओलांडला आणि त्यांच्या अंगावर पडला.

मागून सून फोन घेऊन आली. पडद्यावरचा लेक डोळे पुसत होता. रांगेतला पुढचा माणूस आपली पाळी सोडून त्याच्या खांद्यावरून डोकावत होता.

"सहा पावलं, बाबा," लेक म्हणाला. "मी मोजली. पण माझ्याकडे एकही नाही, सगळी दाराकडे. तुम्ही बघायला हवं होतं."

आजोबांनी चष्म्याचं घर नातवाच्या हातात दिलं.

"तू चाललास तेव्हा मी असाच लांबच्या चौकीवर होतो," ते म्हणाले. "बातमीचं पत्र दीड महिन्याने पोचलं. या वेळी बातमी स्वतः चालत आली."